जांभळाच्या फळ्यांची पेटी

"ठेव पाय," दिशा म्हणाली.

शौर्यने आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ऐटीत पाय ठेवला आणि खोकं फसकन खाली बसलं. त्याच्यासोबत शौर्यही बसला. आतली काळ्या पॉलिशची डबी घरंगळत थेट म्हशीपर्यंत गेली.

"गिऱ्हाईक जरा जड निघालं," हर्षाली शांतपणे म्हणाली.

"खोकं हलकं निघालं," शौर्य पार्श्वभाग चोळत म्हणाला.

हा त्यांचा तिसरा नमुना. पहिला उघडतच नव्हता, दुसरा बंदच होत नव्हता. जुन्नरहून लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या वस्तीवर, म्हणजे दिशा आणि शौर्य या भावंडांच्या घरी, सुट्टी लागल्यापासून एकच विषय चालू होता : बूट पॉलिशची पेटी. शाळेतल्या स्काउट-गाइडच्या सरांनी सुट्टीत प्रत्येकाला 'खरी कमाई' करायला सांगितली होती. स्वतःच्या हातांनी काहीतरी काम करायचं आणि अनुभव सांगायचा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी लिंबू सरबत ठरवलं होतं. दिशाला सरबताचा कंटाळा होता. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून उतरलेल्या माणसांचे बूट धुळीने पांढरे झालेले असतात, हे तिने हेरून ठेवलं होतं. पायथ्याशी बसायचं आणि बूट चमकवून द्यायचे. चिंचवडहून सुट्टीला आलेली आतेबहीण हर्षाली लगेच सामील झाली, कारण तिला कुठल्याही बेतातल्या चुका काढायला आवडायचं. शौर्यला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो होताच.

पेटी साधी दिसते, पण करायला घेतली की घाम फोडते. गिऱ्हाइकाचा पाय टेकायला वर उतरता पाट हवा. पण पाट झाकणावरच बसवला, तर ब्रश काढायला दर वेळी गिऱ्हाइकाला पाय उचला म्हणावं लागणार. ही चूक अर्थात हर्षालीने काढली. मग दिशाने ओट्यावर खडूने नवा आराखडा काढला : वरचा पाट पक्का, आणि सामानाला बाजूने सरकणारा खण. खणात काळ्याचा ब्रश एकीकडे, तपकिरीचा दुसरीकडे, मध्ये आडवी पट्टी, म्हणजे कोणाचे तपकिरी बूट काळे होऊन घरी जायला नकोत. खांद्याला अडकवायला दप्तराचा जुना पट्टा. सगळं ठरलं, फक्त लाकूड नव्हतं.

लाकूड दिलं गोरखकाकाने. गोरखकाका म्हणजे दिशाच्या वडिलांचा धाकटा भाऊ, हर्षालीचा मामा. मनाने दिलदार, पण हातातली वस्तू जागेवर ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. गोठ्यामागच्या जळणातून त्याने चार जाड फळ्या ओढून दिल्या.

"जांभळाचं लाकूड हाय," तो म्हणाला. "पाण्यात सुदा कुजत न्हाई. न्या तुमाला, चुलीत जाण्यापरीस बरं."

आजोबा घरी असते तर पेटीची गोष्ट तिथेच वेगळ्या वाटेने गेली असती. पण आजोबा, म्हणजे दादाभाऊ, डिंभ्याकडे गेले होते. तिकडे उतरलेल्या एका मेंढपाळाला घेऊन ते यायचे होते. ऊस तुटून गेलेल्या खालच्या वावरात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, ढोपरभर पसरला होता. दादाभाऊ पाचट जाळू देत नसत. त्यावर मेंढ्या बसवायच्या, लेंड्या आणि मूत पडलं की पाचट कुजून सोन्यासारखं खत होतं, हा त्यांचा हट्ट. आई-बाबा टोमॅटो घेऊन नारायणगावला गेले होते. त्यामुळे वस्तीवर मोठं माणूस म्हणून फक्त गोरखकाका होता, आणि तो बाजेवर पडून मोबाइल बघत होता.

फळ्या विचित्र होत्या. एक बाजू उन्हाने तडकलेली, दुसरीवर पांढरट खार आणि वाळलेलं शेवाळ. दोन फळ्यांवर टायरच्या नक्षीचा चिखल वाळून घट्ट बसलेला. शिवाय प्रत्येक फळीची टोकं वाकडी कापलेली. चौकोनी पेटीला वाकडी टोकं काय कामाची? तिघांनी आळीपाळीने करवत चालवून ती उडवून टाकली, मग रंधा मारला, खिळे ठोकले. एकदा शौर्यच्या अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा त्याने उच्चारलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

ऊन कलतीला आलं तेव्हा पेटी उभी राहिली. जड होती, पण अशी देखणी की तिघंही काही वेळ नुसते बघत राहिले. शौर्य पाटावर दोन्ही पायांनी उभा राहिला. पेटी हललीसुद्धा नाही. दिशाने पट्टा खांद्यावर घेतला आणि अंगणात मिरवत फेरी मारली.

शौर्यला मात्र उडवलेल्या तुकड्यांतून किल्ला करायचा होता. त्याने ते जमिनीवर एकमेकांना लावून ठेवायला सुरुवात केली. फळ्यांच्या कडांवर जुन्या खुणा होत्या, त्यांच्यावरून कोणाच्या शेजारी कोण ते सहज कळत होतं. वर चार, खाली चार.

"हा कसला किल्ला," तो कुरकुरला. "ही तर भाकरी झाली."

हर्षाली हसायला वळली आणि हसली नाही. खरंच भाकरी झाली होती. मध्ये मोकळी जागा, वर एक कमान, खाली एक कमान. मधल्या जागेत पेटीत गेलेल्या फळ्या धरल्या तर पुरा गोल. बैलगाडीच्या चाकाएवढा.

"दिशा," ती हळू म्हणाली, "ही टोकं वाकडी नव्हती. गोल होती. मुद्दाम कापलेली."

दिशा खाली बसली. तिने एका तुकड्याचा खार नखाने खरवडला. ही बाजू कायम ओलीवर होती, ती बाजू कायम उन्हात. पाण्यात न कुजणारं लाकूड. गोल.

"हे झाकण आहे," ती म्हणाली. "आपण कशाचं तरी झाकण कापलंय."

तिघंही बाजेकडे धावले. गोरखकाकाने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं की फळ्या बांधावर पडल्या होत्या, तिथून जळणात आल्या. बांधावर कशा आल्या, असं हर्षालीने विचारलं. मग त्याने मजेत सगळं सांगितलं. उसाची शेवटची ट्रॉली खालच्या वावरात रुतली होती. चाक जागेवरच फिरत होतं. चांगदेव ड्रायव्हर आणि तो, दोघांनी मिळून फळ्या उपसून चाकाखाली घातल्या, आणि ट्रॉली अशी निघाली म्हणता!

"कुठून उपसल्या?" दिशाने विचारलं.

"आपल्या बुडकीवरच्या की." बुडकी म्हणजे कठडा नसलेली लहानशी विहीर. पणजोबांनी खणलेली, कालव्याचं पाणी आल्यापासून कोणी न वापरलेली. दिशाने ती कधी पाहिलीही नव्हती, कारण तिच्या भोवती कायम ऊसच असायचा.

"मग आता ती उघडी आहे?"

"उगडी कशानं? झाकलेली हाय ना ती."

"कशानं झाकलीय, काका?"

गोरखकाकाने मोबाइलवरून मान वर केली. त्याची नजर दिशाच्या खांद्यावरच्या पेटीवर गेली, तिथून जमिनीवरच्या तुकड्यांवर गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मुलांना स्पष्ट दिसलं. त्याने चांगदेवला फोन लावला. पलीकडून आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला.

"आरं, मी ट्रॉली घेऊन गेलो की. मला वाटलं तू ठेवल्या माघारी."

"मला वाटलं तू," गोरखकाका पुटपुटला.

त्यानंतर त्या वावरात पाचट पसरलं होतं. सगळीकडे सारखं. बुडकीवरही.

आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्याकडून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला.

गोरखकाकाने आजोबांना फोन लावला, तर तो घरातच वाजला आणि शौर्य आत धावला. आजोबांचा फोन चार्जरला लावलेला होता. तो बाहेर आला तोवर बाकीचे पळत सुटले होते. हर्षालीने जाता जाता गोठ्याला टेकवलेला लांब वेळू उचलला. पेटी दिशाच्या पाठीवर दाणदाण आपटत होती, पण ती काढायला थांबायचं तिला सुचलंच नाही.

खालच्या वावराच्या बांधावर ते पोचले आणि जागीच थिजले. समोरच्या अंगाने कळप आत शिरत होता. पुढे सावळेराम मेंढपाळ, खांद्यावर काठी. मागे घोड्यावर बिऱ्हाड, लगाम धरून सावळेरामची बायको ठकूबाई. खूप मागे, रस्त्यावर, दादाभाऊंचं पांढरं पागोटं. आणि सगळ्यांच्या पुढे, पाचटातून उड्या मारत एका कोकरामागे पळणारी त्यांची लहानगी लेक साळू.

"काका, बुडकी कुठंशी?" दिशाने विचारलं.

"मदी कुटंतरी." गोरखकाका पाचटावर नजर फिरवत म्हणाला. "ऊस व्हता तवा कळायचं. आता समदं सारखंच दिसतंय."

दिशाने हाका मारल्या, पण घंटा आणि बेंबें यांच्यात त्या विरून गेल्या. सावळेरामने लांबून हात हलवला. पोरं स्वागताला आली असं त्याला वाटलं असावं. मग दिशाने पेटी पोटाशी घेतली आणि ब्रशच्या लाकडाने तिच्यावर जीव खाऊन बडवायला सुरुवात केली. जांभळाचं लाकूड ढोलासारखं वाजलं. मेंढपाळाची दोन्ही कुत्री खवळून भुंकत पुढे आली, बिथरलेल्या मेंढ्या एकमेकींना खेटून थांबल्या, सावळेरामही थांबला.

"विहीर आहे!" हर्षाली किंचाळली. "पाचटाखाली उघडी विहीर आहे!"

सावळेराम पोरीकडे झेपावला.

"जाऊ नका," दिशा ओरडली. "कुठं आहे ते कोणालाच माहीत नाही!"

तो एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. वावराच्या मधोमध साळूही थांबली होती. एवढी माणसं आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. तिचा ओठ वाकडा व्हायला लागला. आता ती आईकडे पळणार, हे सगळ्यांना दिसत होतं. दिशाला रडू फुटलं. इतकं जवळ असून कोणीच हलू शकत नव्हतं.

तेव्हा ठकूबाई बोलली. आवाज अगदी रोजचा, ताटावर बोलावल्यासारखा.

"साळे, बस खाली. हितंच बस. कोकरू घे मांडीव. उठायचं न्हाई, माझी बाय."

साळू बसली. कोकराला तिने मांडीवर ओढलं.

हर्षालीने वेळू गोरखकाकाच्या हातात दिला. "मामा, आधी टोचून बघायचं, मग पाय टाकायचा," ती म्हणाली. गोरखकाकाने चपला काढल्या आणि तो निघाला. वेळू पाचटात खुपसायचा, टणक लागलं की एक पाऊल. पुन्हा खुपसायचा, पुन्हा एक पाऊल. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादं काम इतकं सावकाश करत होता. साळूपासून हातभर अंतरावर त्याने वेळू खुपसला आणि तो कशालाच लागला नाही. सरळ आत गेला. भोवतीचं पाचट सळसळत खचलं, काळं तोंड उघडलं, आणि कितीतरी खालून पाण्याचा आवाज आला.

गोरखकाका पोटावर झोपला, त्याने काठाला वळसा घालून हात लांबवला आणि साळूला कोकरासकट स्वतःकडे ओढून घेतलं. मग आल्या पावलांवर पाय ठेवत तो परत आला. पोर ठकूबाईच्या हातात दिल्यावर तो तिथेच बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. काकाला रडताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते बघवेना.

दादाभाऊ धापा टाकत पोचले. शौर्यने त्यांना सगळं सांगितलं : ट्रॉली, फळ्या, पेटी, भाकरीसारखा गोल. ते ऐकता ऐकता म्हातारा मटकन खाली बसला.

"चूक एकट्या गोरखची न्हाई," ते म्हणाले. "ती बुडकी मी कवाच बुजवायला पायजे व्हती. मेंढरं मीच आणली. पोरीला मीच हितं आणली." मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमी व्हता म्हणून उद्या मी गावात तोंड वर करून चालंन. लई मोठं काम केलं, बाळांनो."

सावळेरामने दिशापुढे हात जोडले. तिला काय करावं कळेना, म्हणून तिनेही जोडले.

आता हे लोक इथे थांबणार नाहीत, असं सगळ्यांना वाटत होतं. पण ठकूबाई म्हणाली, मेंढरं दमलीत, बसवायची तर इथेच बसवू, फक्त आधी ते तोंड बुजवा. आणि मूल कडेवर घेऊनच तिने बांधावरचा पहिला दगड उचलून आत टाकला. त्यामागे गोरखकाकाचा, मग सगळ्यांचे. आई-बाबा नारायणगावहून आले, तेही कपडे न बदलता दगड वाहू लागले. चांगदेव ट्रॅक्टर घेऊन आला, मान खाली घालून ट्रॉलीमागून ट्रॉली मुरूम ओतत राहिला. दिवेलागणीला बुडकीच्या जागी सपाट जमीन होती.

दादाभाऊंनी स्वतः त्या जागेवर उभं राहून, पाय आपटून दाखवलं. ठकूबाईने मान हलवली. मग तिने लुगड्याच्या पदराचं टोक साळूच्या कमरेला बांधलं, दुहेरी गाठ मारली आणि ती चूल मांडायला बसली. आता काही भीती नाही, सोडा की तिला, असं तिला कोणीही म्हणालं नाही.