बंधाऱ्याखालची निर्मळ धार

"राणे, तो माईक सोड आन् पळ! शिवहारच्या मेंढ्या पडल्या!"

रूपसिंग ओरडत शाळेच्या मैदानात शिरला, तेव्हा राणी मंडपात उभी राहून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करत होती. तिने माईक तसाच सोडला आणि दोघं नदीकडे धावत सुटले.

दिवाळीची सुट्टी होती. हिंगोली नवा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. सेनगाव तालुक्यातल्या बोरटेक गावात त्या सुट्टीत एकच धामधूम चालली होती. गावच्या पिंपळी नदीसाठी मोठ्या माणसांनी 'नदी बचाव मंडळ' काढलं होतं. श्रमदान करून वाळूच्या पोत्यांचा बंधाराही घातला होता. आता तीन दिवसांची व्याख्यानमाला होती आणि आज शेवटचा दिवस. आधी परभणीच्या पाहुण्यांचं व्याख्यान, मग नदीच्या पाण्याचं पूजन, मग राणीच्या बाबांच्या, म्हणजे प्रमोददादांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम. त्यातून जे पैसे जमतील त्यात दुसरा बंधारा बांधायचा होता.

राणी, शिवहार आणि रूपसिंग तिघं सातवीत, एकाच बाकावर. तिघांची गट्टी एवढी, की मास्तर एकाला शिक्षा करायचे तर तिघं अंगठे धरायचे.

राणी आणि रूपसिंग नदीवर पोचले. वाळूत मेंढ्या आडव्या पडल्या होत्या. काही पाय झाडत होत्या, काही आता हलतही नव्हत्या. शिवहारचे आजोबा रखमाजी मधोमध बसले होते. त्यांच्या मांडीवर कळपातल्या मोठ्या मेंढ्याचं डोकं होतं आणि त्याच्या तोंडातून फेस गळत होता. शिवहार बाजूला उभा राहून ढसाढसा रडत होता.

"डॉक्टर?" राणीने विचारलं.

"दिवाळीला गावी गेलेत," शिवहार कसाबसा बोलला. "आज्या सकाळपासून ताक पाजून राहिला, गूळ देऊन राहिला. काही उपेग न्हाई!"

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष नरसिंग गुरुजी तरातरा आले. त्यांच्या मागे खत-औषधांचे दुकानदार शिवशंकर शेठ. बंधाऱ्याची सगळी पोती शेठनीच दिली होती, म्हणून आज त्यांचा सत्कार होता.

"रखमाजी, गोचिडाचं औषध लावून मेंढ्या नदीत धुतल्यास ना?" गुरुजी कडाडले. "आम्ही नदी वाचवायला रक्त आटवतोय आणि तुम्ही लोक तीच नासवताय!"

"न्हाई गुरुजी! लेकराची आन घेऊन सांगतो, म्या मेंढ्या धुतल्याच न्हाईत."

"ते आता संध्याकाळी सगळ्या गावासमोर ठरेल. उद्यापासून तुमचा कळप नदीवर येणार नाही. बस्स!"

असं म्हणून गुरुजी निघूनही गेले. काय म्हणावं या माणसाला! इतकं शिकलेला माणूस, पण एकदा खाली वाकून बघितलं सुद्धा नाही.

"नदी बंद झाली तर आमाला गाव सोडावं लागंल," शिवहार म्हणाला. "मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचं. माझी शाळाबी गेली."

राणीला एकदम संताप आला. "रडू नको! खरं सांग, धुतल्या होत्या का?"

"अगं, धुवायच्या कशा? लोकर कातरायच्या आदल्या दिवशी धुतात. कातरणी तर अजून व्हायचीय!" शिवहारने मेलेल्या मेंढीच्या लोकरीत बोटं घातली. "धुतलेली लोकर अशी असती व्हय? हे बघ!"

लोकरीत पावसाळाभराचा मळ होता, कुसळं होती, गोखरू अडकले होते. आंधळ्यालाही कळलं असतं, की या मेंढ्या धुतलेल्याच नाहीत.

"मग हे अंगावरच्या औषधाचं काम न्हाईच," रूपसिंग म्हणाला. "पोटात गेलंय काही तरी. पाणी कुठं पाजलं?"

"बंधाऱ्याखाली. आज्या म्हणला, तुंबलेलं नको. पोत्यांतून धार येऊन राहिली ना, ती वाळूतून गाळून येती, निर्मळ असती. ती पाजू."

तिघं बंधाऱ्याकडे धावले. वरच्या अंगाला साठलेल्या पाण्यात बेडूक डुबक्या मारत होते, काठाला माशांची पिल्लं वळवळत होती. खालच्या अंगाला मात्र भयाण शांतता होती. धार इतकी स्वच्छ की तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि त्या खड्यांवर खेकडे उलटे पडले होते. मासोळ्या पांढरी पोटं वर करून काठाला लागल्या होत्या.

"वर जित्ते, खाली मेलेले!" रूपसिंगचे डोळे विस्फारले. "म्हंजे मधल्या भिंतीतच काही तरी हाय!"

तो भिंतीजवळ गेला आणि नाक दाबून मागे सरकला.

"हा वास मला ठाऊक हाय! हळदीत अळीसाठी दाणेदार औषध टाकतात, त्याचा हाय. माझा बाप ते टाकून आला की माय त्याला आंघोळ केल्याबिगर दारात उभं करत न्हाई!"

खालच्या थरातलं एक पोतं नुकतंच उसवलं होतं. रूपसिंगने हात पुढे केला, तशी राणीने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"हात लावू नको, येड्या! मेंढ्यांसारखं पडायचंय का?"

शिवहारने लांब काठी खुपसली. वर बोटभर वाळू होती आणि तिच्याखाली राखाडी दाणे! शेजारच्या पोत्यातही तेच!

"आरं, आता आठवलं!" रूपसिंग म्हणाला. "शेठचा टेम्पो आला तवा काही पोती आधीच जवळजवळ भरलेली होती. माणसं खुश झाली, म्हणली, वाळू भरायचं काम वाचलं! पेपरवाला फोटो काढायला उभा होता, म्हणून घाईघाईत वर थोडी थोडी वाळू टाकली आन् तोंडं शिवली."

काठीनेच थोडे दाणे एका प्लास्टिकच्या पिशवीत ढकलून, तिला गाठ मारून तिघं मैदानात परतले. गुरुजी तोरण बांधत होते.

"गुरुजी, बंधाऱ्यात विष आहे!"

"सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत का तुम्हाला? व्हा बाजूला! पाहुण्यांची जीप आली!"

गुरुजी पाहुण्यांकडे धावले. शेजारी उभ्या असलेल्या शेठनी मात्र पिशवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कशाचं विष? जुनं औषध हाय ते. मुदत संपून वर्षं झाली. मेलेलं औषध, माती झाली त्याची! गोदाम रिकामं करायचं होतं, लावलं वाळूच्या जागी. काय बिघडलं? आन् गावभर बोंबलत फिरलात तर याद राखा!"

शेठ स्टेजकडे गेले. तिथे चौरंगावर हार घातलेला तांब्याचा कलश होता. पहाटे अंधारातच गुरुजींनी तो भरून आणला होता. कुठून? बंधाऱ्याखालच्या निर्मळ धारेतून! पूजा झाली की तेच पाणी तीर्थ म्हणून गावाला वाटायचं होतं.

"अगं माय!" शिवहार म्हणाला. "तीर्थाला पोरंसोरं सगळ्यात आधी पुढं असतात!"

"ऐका," राणी म्हणाली. "पूजेची मांडामांड माझ्याकडे आहे. रूपसिंग, आमच्या घरून आईचा तांब्याचा कलश आण, हापशावर भरून. हा मी गुपचूप बाजूला काढते."

"आन् मग?"

"मग शेठचा सत्कार करू!"

दुपार कलली आणि मैदान भरलं. पाहुणे 'नदी आपली आई' या विषयावर बोलले, टाळ्या पडल्या. रखमाजी मंडपाच्या कडेला पटका सावरत उभे होते. त्यांचा मोठा मेंढा दुपारीच गेला होता. गुरुजी कळपाबद्दल बोलायला उठले, पण पूजेच्या घोषणेसाठी माईक राणीच्या हातात होता आणि तिने तो सोडला नाही.

"आधी तीर्थ!" ती ठणकावून म्हणाली. "ज्यांनी बंधाऱ्याला पोती दिली त्या शेठना पहिला मान!"

टाळ्या कडाडल्या. शेठ हसत उठले. राणीने कलशातून पेला भरून त्यांच्या हातात दिला.

"मंडळी, बंधाऱ्याखालची धार शेठच्या पोत्यांतून येते. आणि पोत्यांत वाळूखाली हे आहे!"

शिवहारने पिशवी उंच धरली. पुढच्या रांगेतल्या शेतकऱ्यांनी दाणे ओळखले आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली.

"शेठ म्हणतात, औषध मेलेलं आहे, त्याची माती झाली. मग प्या की शेठ!"

शेठनी पेल्यात पाहिलं. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि खाली घेतला.

"मला... मला तहान न्हाई."

"माझ्या मेंढ्यांना होती, शेठ," कडेला उभे असलेले रखमाजी म्हणाले.

राणीने शेठच्या हातातला पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला!

"राणी!" प्रमोददादा पेटी सोडून स्टेजवर झेपावले. बाया किंचाळल्या.

"हापशाचं आहे, बाबा!" राणी म्हणाली. "धारेचा कलश आम्ही मघाच हलवला. हे साधं पाणी होतं, तरी शेठना प्यायचा धीर झाला नाही. त्यांनाच माहीत होतं, की औषध मेलेलं नाही!"

शेठ मागे खुर्चीकडे सरकले. "खरंच वाटलं व्हतं मला... जुनं हाय म्हणून..." ते पुटपुटत राहिले, पण ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. गुरुजी स्टेजवरून उतरले, सगळ्या गावादेखत रखमाजींसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलो मी, रखमाजी. पोती मी मोजून घेतली, उघडून बघितली नाहीत. आणि आळ तुमच्यावर घेतला. या तीन लेकरांनी आज गाव वाचवलं. शाबास रे पोरांनो!"

टाळ्या सुरू झाल्या, पण शिवहार ओरडला, "टाळ्या राहू द्या, गुरुजी! धार खाली वाहूनच राहिली ना! खालच्या गावाला कोण सांगंल?"

त्या टाळ्या तशाच थांबल्या. नदी वाचवायला निघालेल्या सगळ्या मंडळाला हे सुचलं नव्हतं!

"कार्यक्रम बंद!" प्रमोददादा गरजले. "भोंगा पाहुण्यांच्या जीपवर बांधा! बॅटरी घ्या!"

गुरुजींनी पाहुण्यांना शेठच्या टेम्पोतून तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांकडे पिटाळलं आणि स्वतः बंधाऱ्यावर पहाऱ्याला गेले. गाण्यासाठी आणलेला भोंगा जीपच्या टपावर चढला. "पिंपळीचं पाणी पिऊ नका! जनावरांना पाजू नका!" प्रमोददादांचा आवाज नदीकाठाने घुमत निघाला. शिवहार पुढे बसला होता.

खालच्या गावाच्या वळणावर त्यानेच पाहिलं. एक मोठा कळप उताराने पाण्याकडे चालला होता. राखणारी बाई खूप मागे होती.

"थांबा! पाणी पाजू नका!" प्रमोददादा घसा फोडून ओरडले. बाईला वाऱ्याने काही ऐकू येईना, आणि मेंढ्यांना माणसाची भाषा काय कळणार!

शिवहारने माईक हिसकावला. डोळे मिटले आणि आज्या कळप माघारी वळवताना देतो तशी हाक दिली, "हिर्रऽऽ हाऽऽ! हिर्रऽऽ हाऽऽ!"

पाण्यापासून हातभर अंतरावर पुढची मेंढी थबकली. तिने कान टवकारले. आणखी एक हाक, आणि ती वळली! तिच्यामागे सगळा कळप वळला आणि चढ चढू लागला.

"कोन रे माझ्या मेंढ्या फिरवून राहिला?" ती बाई, मिराबाई, काठी उगारून आली. पण सगळं ऐकल्यावर तिने काठी खाली टाकली. तिने शिवहारच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "कोनाचा रे तू, लेकरा?"

"रखमाजीचा नातू."

अंधार पडायच्या आत ते परतले, तेव्हा रखमाजी पांढरीवर, गावालगतच्या मोकळ्या जागेत, खड्डा खणत होते. दुसरं फावडं रूपसिंगच्या हातात होतं. मोठा मेंढा शेजारी घोंगडीखाली झाकलेला होता.

"खालच्या गावच्या मेंढ्या?" रखमाजींनी विचारलं.

"सगळ्या वाचल्या, आज्या. एकीनंबी तोंड लावलं न्हाई. म्या तुझी हाक दिली."

"माझी?" रखमाजींनी फावडं टेकवलं. "आन् वळल्या?"

"वळल्या."

"शाबास! माझ्या पोरा, शाबास!" म्हाताऱ्याने त्याला छातीशी धरलं आणि सकाळपासून कोरडे असलेले त्यांचे डोळे वाहायला लागले. मग शिवहारने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि राहिलेला खड्डा रूपसिंगबरोबर खणायला लागला.