छत्तीस फोटो, एक चौकट

मोबाइल खाली ठेव आधी, अथर्व. आणि मैत्रेयी, ते गच्चीचं दार ओढून घे, आपटतंय उगाच. भुताची गोष्ट हवी म्हणता, पण मला काही रचून सांगता येत नाही. तेहतीस वर्षं मिनिस्ट्रीत फाइली ढकलल्या, कल्पनाशक्तीचं तिथेच सरपण झालं. जे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला झालं, तेवढंच सांगतो. मधे "फिर क्या हुआ" करायचं नाही.

भालचंद्र ओगले त्याचं नाव. आर. के. पुरमला आमची क्वार्टर्स एकाच जिन्यावर होती. शहाण्णव साली आमची माणसं एकेक करून हप्त्यावर फ्लॅट घ्यायला लागली आणि यमुनेपलीकडे निघाली. भालचंद्रनेही इथेच नोएडात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. जिन्यात अजून सिमेंटची पोती, सोळा फ्लॅटांत राहायला आलेली बिऱ्हाडं फक्त चार. पण गडी खूश होता, कारण घराला दोन बाथरूम होत्या आणि एकीला खिडकीच नव्हती. बिल्डरने केलेली चूक या बहाद्दराच्या पथ्यावर पडली. तिथे त्याने लाल बल्ब लावला, ट्रे मांडले आणि फोटो धुवायची खोली केली.

कॅमेरा त्याचा जुना रशियन, हातात घेतला की वरवंटा घेतल्यासारखा वाटायचा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, धुणार घरीच. आणि कंजूष किती? छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढून दाखवायचा. कॅमेरा उजेडात भरला तर सुरवातीची फिल्म वाया जाते, म्हणून हा अंधारात भरायचा. फिल्मचं टोकही अगदी नखभर अडकवायचा चाकात. सगळ्या ऑफिसला त्याने हे कसब दाखवलं होतं, मलाही.

त्या वर्षी गणपतीत तो बायकोला, नीलाला, आणि पोराला घेऊन कोकणात गेला. आंजर्ल्याजवळ नीलाचं माहेर. मानस साडेपाच वर्षांचा, एकुलता एक. पोरगं दिल्लीत वाढलेलं, समुद्र कधी बघितलाच नव्हता. पहिल्यांदा बघितल्यावर म्हणाला, "बाबा, याचा दुसरा किनारा किधर आहे?" आणि जे पाण्यात शिरलं ते बाहेर यायला तयार नाही. भालचंद्रने त्या दोन दिवसांत कॅमेरा खाली ठेवला नाही. लाटा, होड्या, देऊळ, नीला, मानस. एकच तक्रार होती त्याची. पोरगं कॅमेऱ्यात बघायचं नाही. डावीकडेच बघत राहायचं. हा ओरडायचा, "मानस, इकडे बघ! अरे, इकडे बघ ना!" आणि मानस म्हणायचा, "बाबा, ती हात पुढे करतेय." भालचंद्रला वाटलं, असेल कुणी कोळीण. त्याने बघितलंही नाही.

आकडा छत्तीसवर आला. दोन फोटो दिवाळीला ठेवू म्हणाला, आणि तिघं परत आली.

त्या वर्षी दिल्लीत डेंग्यूची साथ आली होती. आईवडिलांना विचारा तुमच्या. नऊ ऑक्टोबरला मानस गेला. ताप आल्यापासून पाचव्या दिवशी.

पुढचा महिना कसा गेला ते मी सांगू शकत नाही. माझी बायको, प्रभा, रोज डबा द्यायची, मी दोन बसेस बदलून तो पोचवायचो आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणायचो. नीलावहिनी जेवायच्याच नाहीत. दोन घोट चहा घ्यायच्या, बस. मनगटं काडीसारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दाखल करावं लागेल. आधीचे फोटो होते घरात, पण त्यांना ते नको होते. एकच म्हणायच्या, "पाण्यातला मानस आणा मला. तो हसत होता. तो आणा, मग जेवते."

भालचंद्रला कॅमेऱ्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. पण बाई डोळ्यांसमोर झिजत चाललेली. शेवटी पंधरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, जेवणाच्या वेळी तो म्हणाला, "आज धुतो रोल." नीला उठून बसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

रात्री साडेनऊला तो आत गेला. रोल परत गुंडाळायची कळ फिरवायला घेतली. छत्तीस फोटोंची फिल्म, भरपूर फिरवावी लागते. ती दोन वेढ्यांतच सैल झाली.

त्याला कळलं. कॅमेरा वापरणाऱ्याला ते लगेच कळतं. नखभर अडकवलेलं टोक पहिल्याच फोटोला सुटलं होतं. आकडा पुढे जात होता, फिल्म जागची हलली नव्हती. छत्तीसच्या छत्तीस फोटो एकाच चौकटीवर, एकावर एक. दोन फोटो वाचवायच्या नादात पोराचे सगळे घालवले होते त्याने. टॉवेल तोंडात कोंबून रडला. बाहेर नीला बसलेली, आवाज जायला नको.

तरी रोल धुतला. सगळी फिल्म कोरी आणि सुरवातीला एक चौकट, काळीकुट्ट. म्हणजे इतका उजेड पडलेला की चित्र काही उरलंच नाही. ती त्याने बल्बसमोर धरली, आणि बघतच राहिला. काळ्यात डावीकडे एक जागा स्वच्छ होती. माणसाच्या आकाराची. बाईच्या.

आता नीट ऐका. तो छत्तीस वेळा वेगवेगळ्या दिशांना वळला होता. समुद्राकडे, देवळाकडे, होडीकडे. छत्तीस वेळा शटर उघडलं, आणि चौकटीतल्या त्या एका जागेवरून एकदाही उजेड आला नाही. जिकडे वळला, तिकडे ती होती. त्याच जागी.

बाहेरून नीला म्हणाली, "झालं का हो?"

"वाळू दे," तो म्हणाला. "उद्या देतो."

शनिवारी रात्री परत आत गेला. वेड्यासारखा हट्ट एकच, या काळ्यातून पोराचा चेहरा काढायचाच. एरवी फिल्म एन्लार्जरच्या यंत्रात घालून तिच्यातून कागदावर दहा-पंधरा सेकंद उजेड टाकतात, याने अर्धा अर्धा तास टाकला. पहिला कागद ट्रेमध्ये सोडला. कागदावर सगळं उलटं येतं, पांढऱ्यावर काळी बाई उमटली. पदर वाऱ्यावर. उजवा हात खाली, पुढे केलेला. लहान पोराला बोट द्यावं तसा. हात रिकामा होता.

दुसरा कागद सोडला. तीच फिल्म, तीच चौकट.

हात रिकामा नव्हता. बोट धरून एक लहान आकृती उभी होती. डोक्यावर टोपी, टोपीचा पुढा मागे फिरवलेला. मानस तशीच घालायचा.

भालचंद्र भ्याला नाही. कसा भिणार? ओला कागद छातीशी धरून बाहेर पळत आला. "नीला! मिळाला बघ!"

नीलाने कागद हातात घेतला. नुसती सावलीच होती ती, पण आईला काय लागतं? टोपीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वाढा मला." प्रभाच्या डब्यातली भाकरी तिने खाल्ली, डाळ खाल्ली, वाडगा पुसून घेतला. फोटो समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. भालचंद्र समोर बसून बघत होता. बायको वाचली, या आनंदात त्याला दुसरं काही दिसलं नाही. तिने हात धुतले, परत फोटोसमोर बसली आणि अगदी सहज म्हणाली,

"तिचा दुसरा हात बघा ना. तो रिकामाच आहे."

रविवारी दिवसभर ती बरी होती. केस विंचरले. साडी बदलली. तो फोटो हातातून खाली ठेवेना. दुपारी भालचंद्रने मला फोन केला, सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "गुलाबराव, दुसरा हात काल खाली होता हो. आज वर आलाय. त्याच फोटोत."

मी म्हटलं, फिल्म जाळून टाक.

तो म्हणाला, "तेवढाच आहे यार तो माझ्याकडे."

आता शिव्या देतो मी स्वतःला. तेव्हाच निघून यायला हवं होतं.

रविवारची रात्र. सोमवार लागलेला, तीनला दहा कमी. भालचंद्रला जाग आली ती शांततेने. फ्रिजचा आवाज नव्हता. लाइट गेली होती. खिडकीबाहेर सगळं नोएडा काळं. त्याने बाजूला हात टाकला. गादी गार होती.

बाथरूमच्या दाराखाली लाल उजेडाची रेघ दिसत होती.

लाइट गेलेली. आणि लाल बल्ब पेटलेला.

"नीला?"

आतून पाण्याचा आवाज. नळाचा नाही. येणारं... आणि मागे जाणारं...

"नीला, दार उघड."

"हळू बोला," ती म्हणाली. "तो म्हणतो, पाणी गार नाहीये."

आतून कडी होती. त्याने खांदा मारला. पुन्हा मारला. तिसऱ्याला कडी निघाली.

नीला जमिनीवर, गुडघ्यांवर. पुढ्यात ट्रे. दोन बोटं उंचीचा ट्रे, त्यात पाणी. आणि तिचा उजवा हात त्या पाण्यात होता...

कोपरापर्यंत.

दोन बोटं पाणी. हात कोपरापर्यंत आत.

भालचंद्रने तिला कमरेला धरलं. ओढलं. ती येईना. आतून ओढ होती. दंड आत गेला. ती हसत होती. "सोडा ना," म्हणत होती. "सोडा ना हो..." खांदा ट्रेच्या काठाला टेकला.

फिल्म वर होती. एन्लार्जरमध्ये. त्याच्या हाताला लागेल अशी. त्याने ती उपसून काढली. दातात धरली. फाडायची, बस.

आणि थांबला.

किती वेळ ते त्याला आजही सांगता येत नाही. दातात पोरगं. हातात बायको.

मग पाण्यातून आवाज आला. अगदी जवळून. दिल्लीच्या पोराचा आवाज.

"बाबा... इधर बघा ना."

त्याने डोळे मिटले.

"बाबा, इधर बघा ना..."

बघितलं असतं, तर फाडता आलं नसतं. त्याला ठाऊक होतं ते. डोळे गच्च मिटून त्याने मान झटकली. फिल्म फाटली.

लाल बल्ब गेला. ओढ सुटली. दोघं मागे भिंतीवर आदळली. काळोखात नुसता तिच्या श्वासाचा आवाज... आणि मग तोही हळूहळू नेहमीसारखा झाला.

उजाडायच्या आत त्याने फिल्म, कागद, सगळं गॅसवर जाळलं. सकाळी आठला मी आणि प्रभा पोचलो. नीलावहिनी पलंगावर बसून चहा पीत होत्या. जिवंत, शुद्धीवर, डोळे रडून सुजलेले. उजव्या मनगटाला चार लांब बोटांचा निळा वळ होता, कुणीतरी करकचून आवळल्यासारखा. बाईच्या बोटांचा. तो पंधरा दिवसांत गेला.

दुसरा ठसा त्याच हाताच्या तळव्यावर होता. पांढरा. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी पांढरी पडते तसा. पाच बोटं पसरलेली, एवढीशी.

प्रभा रडायला लागली. म्हणाली, "किती घट्ट धरलं होतं गं पोराने तुला."

नीलावहिनींनी मान हलवली. कप खाली ठेवला. प्रभाचा हात घेतला, उभा धरला, त्यावर आपला तळहात सपाट टेकवला... आणि ढकलला. मागे. जोरात.

"धरलं नव्हतं," म्हणाल्या.

भालचंद्र दारात उभा होता. त्याने ते बघितलं.

मनगटाचा वळ गेला म्हटलं ना मी. हा गेला नाही. परवाच भेटलो दोघांना, सेक्टरच्या बाजारात. मी नमस्कार केला. नीलावहिनी हात जोडत नाहीत, नुसती मान लववतात. भाजीची पिशवी डाव्या हातात होती. उजवा मोकळा होता. तळहातावर पाच बोटं, तेवढीशीच.