बाविसाव्या मजल्यावरचा चुडा

आखाडा बाळापूरच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या वर, माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. साल २००४. पाच मशीन, एक प्रिंटर आणि दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी, जी मी सोडून सगळे पाळायचे. सकाळी टायपिंग शिकणारी पोरं, संध्याकाळी निकाल बघणारी. दुपारी एक ते चार लाईट असायची, पण माणूस नसायचा. तेवढा वेळ माझा आणि प्रेमदासचा.

प्रेमदास जवळच्या बंजारा तांड्यावरचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायचा. नुकतंच लग्न झालेलं, बायको शितल, घरी आई जमनाबाई आणि वडील लालसिंग. जेवण झालं की मोटारसायकल काढून तो सरळ माझ्याकडे यायचा.

गेमची सीडी मी नांदेडहून आणली होती. जमिनीखाली बावीस मजली तळघर, शेवटच्या मजल्यावर हाडांचा रखवालदार. त्याला मारलं की कधीतरी एखादी दुर्मिळ चीज पडते. तलवार, मुकुट, अंगठी. शंभरदा मारावं तेव्हा एकदा. पडली नाही तर गेम बंद करायचा, पुन्हा उघडायचा, रखवालदार पुन्हा जिवंत. हे खेळणारे याला शेतीच म्हणतात. प्रेमदास म्हणायचा, "घरी खरीप, इथं रब्बी. पिकंना दोन्हीकडं."

मी पद्धतशीर माणूस. इंटरनेटवरून सगळ्या चिजांची यादी छापून घेतली होती आणि मिळेल तिच्यावर पेन्सिलीची खूण करायचो. भुताखेतांवर विश्वास नाही. काही बिघडलं तर आधी वायर सैल आहे का ते बघावं, असा माझा स्वभाव.

ऑगस्टात एका दुपारी रखवालदार पडला आणि त्याच्या हाडांत काहीतरी पांढरं उरलं. मी उचललं. पडद्यावर नऊ चौकोन उमटले, त्यातला पहिला भरलेला. चित्रात एक रुंद, पांढरी बांगडी होती.

यादी तीनदा वाचली. त्यात बांगडी नव्हतीच.

प्रेमदास हसला. "आरं, ही तर माझ्या याडीच्या दंडातली दिसून राहिली!"

याडी म्हणजे आई. जमनाबाईला मी पाहिलं होतं. कोपराच्या वर, उजव्या दंडात हाडाच्या जुन्या पांढऱ्या बांगड्यांचा चुडा. लग्नात चढवलेला, तीस वर्षं न हललेला.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास म्हणाला, "शाकीरभाई, याडीची एक बांगडी गळाली. भाकर थापता थापता परातीत पडली."

"वय झालं. दंड वाळला असंल."

"व्हय," तो म्हणाला. त्या दिवशी दुसरी मिळाली.

तिसरी, चौथी, पाचवी. शंभरदा मारून एक मिळायची, ती आता दोन-तीन दिवसांत मिळू लागली. आणि दर वेळी तांड्यावर जमनाबाईच्या दंडातून एक निसटायची. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी प्रेमदास आला तो खुर्चीवर बसलाच नाही.

"बा तापानं फणफणलाय. आता न्हाई खेळायचं."

"काहून? बांगड्यांचा अन् तापाचा काय संबंध?"

"आमच्यात चुडा बाईचा नवरा मेल्यावरच उतरवतेत. तवर न्हाई." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "तू पन खेळू नको. शपथ घे."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्याच्याकडे बघून मी शपथ घेतली.

त्यानंतरच्या दुपारी वाईट गेल्या. मी प्रिंटर उघडून साफ केला, माउसच्या गोळ्या धुतल्या, खिडकीत उभा राहून बस मोजल्या. डोळ्यांपुढे चार रिकामे चौकोन. नववा भरल्यावर काय होतं, हे जगात कुणालाच ठाऊक नसणार, मलाच कळणार. लाज वाटते सांगायला, पण मला झोप लागेना ती त्या चौकोनांपायी, लालसिंगच्या तापापायी नव्हे.

पंधरा दिवसांनी प्रेमदास बाजाराला आला तेव्हा जिन्याशी भेटला. चेहरा उजळलेला.

"बा ठीक हाय. शेळ्या घिऊन गेला सकाळीच."

"आणि बांगड्या?"

"मिटलं ते. याडीनं बराबर सोय केली."

कसली सोय, हे मी विचारलं नाही. म्हातारा बरा झाला, एवढंच ऐकलं. म्हणजे सगळा योगायोग होता. म्हणजे शपथेतही काही उरलं नव्हतं.

मंगळवारी मी एकटा बसलो. पहिल्याच फेरीत सहावी पडली.

बुधवारी सातवी. तीही पहिल्या फेरीत. रखवालदार आता फारसा लढत नव्हता. दोन घावांत गुडघ्यावर यायचा.

गुरुवारी लाईट येताच बसलो. पहिल्या फेरीत आठवी. मग गेम बंद केला आणि पुन्हा उघडला.

बाविसाव्या मजल्यावर रखवालदार जिना अडवून उभा होता. मी जवळ गेलो. त्यानं शस्त्र उचललं नाही. मी एकही घाव घातला नव्हता आणि तो आपोआप कोसळला.

बांगडी पडली. मी उचलली.

नऊही चौकोन भरले. दुसरं काहीच झालं नाही. ना आवाज, ना अक्षर. मी जरा वेळ वाट बघितली आणि चहा प्यायला खाली उतरलो.

चहा हातात होता तेव्हा टपरीवाला म्हणाला की पुलाच्या वळणावर ट्रॅक्टरनं मोटारसायकल उडवली. तांड्यावरचा मोटारी भरणारा होता. जागेवर गेला.

मी तांड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. लालसिंग खाटेवर बसला होता, ठणठणीत, आणि स्वतःच्या गुडघ्यांवर हात मारत होता. जमनाबाईनं मला पाहिलं. तिचा उजवा दंड मोकळा होता.

"शाकीर बाबा, म्या काय केलं रं!" ती ओरडली. "माझा दंड वाळला म्हून गळायल्यात वाटलं. उरल्या चार सुनेला चढवल्या. तिचा दंड भरलेला, तिथं बसतील, म्हातारा वाचंल, म्हनलं."

शितल दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"परवापासून गळायल्या व्हत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या भ्याले, सांगितलं न्हाई. आज तिसरी गळाली, मग सांगितलं. ते म्हनले, शाकीरभाई खेळला का इचारून येतो."

तो माझ्याकडेच येत होता.

मी दोन पावलं मागे सरलो.

तांड्यातली म्हातारी जिवनबाई पुढे झाली. चुडा उतरवायचा मान तिचा. तिनं शितलचा पदर बाजूला केला, हात उचलला आणि तशीच थांबली.

उतरवायला काही नव्हतं. भरलेल्या सावळ्या दंडावर नुसते पांढुरके वळ होते, तीस वर्षं ऊन न लागलेल्या कातडीसारखे.

शितलनं चारच घातल्या होत्या, आठ दिवसांखाली.

मी वळ मोजले. नऊ होते.