रचनाची चार बोटं

यातलं काहीच मी वाढवून लिहिलेलं नाही. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. निपाणीतलं आमचं घर. दुपारचे सव्वादोन.

आई नुकतीच गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. दारात लावायच्या बॅनरसाठी मी फोटो शोधत होते.

आईनं तीस वर्षं विड्या वळून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. मी पूर्णिमा, थोरली; इथंच शिक्षिका झाले. धाकटी रचना बेळगावात इंजिनिअर. शेवटचे आठ महिने आई अंथरुणावर होती. तिचं सगळं मी केलं. रचना रविवारी यायची, तासभर बसायची, जायची.

आणि आई रोज दाराकडे तोंड करून, कुशीवर पडून, मलाच विचारायची,

"रचना आली व्हय गं?"

आईचा बसलेला, हसरा असा एकच फोटो होता. मध्ये ती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रचना.

मी रचनाला कापलं.

आईच्या खांद्यावर तिची चार बोटं तेवढी उरली...

आमचा चुलतभाऊ बुद्धप्रिय बॅनर छापतो. त्याच्या साइटवर फोटो चढवला. लगेच त्याचा फोन.

"आक्का, फोटो आडवा आलाय. काकू निजल्यागत दिसत्यात."

"माझ्याकडं तर सरळ दिसतोय."

"मास्तरीण हाईस, आन् एवढं ठावं न्हाय? फोन फोटो आडवाच ठेवतोय, आपल्याला दाखवताना सरळ करतोय. आमच्या साइटला ते कळत न्हाय. सरळ दिसतोय तवा स्क्रीनशॉट काढ, त्यो पाठव. त्यो आडवा यायचाच न्हाय."

मी स्क्रीनशॉट काढला. मग ती बोटंही कापली. आईचा थोडा खांदा गेला. जाऊ दे म्हटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

कच्... कच्...

कात्रीनं विडीचं पान कापल्याचा. लहानपणापासून ऐकलेला.

मी उठून पाहिलं. खोली रिकामी. आईची खाट आठवड्यापूर्वीच देऊन टाकली होती. विड्यांचं सूप आणि कात्री तर त्याआधीच शेजारच्या मालुबाईंकडे गेली होती.

परत येऊन फोटो चढवला.

आडवा.

आई कुशीवर पडलेली. शेवटचे आठ महिने पडायची तशीच.

पुन्हा बुद्धप्रियचा फोन. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"स्क्रीनशॉट कसा आडवा आला, आक्का? आन् खांद्यावर ही बोटं कुणाची?"

मी माझ्या फोनमध्ये पाहिलं. माझ्या फोटोत खांद्याचा तो भागच नव्हता. साइटवर पाहिलं. तिथं पूर्ण खांदा होता...

आणि चार बोटं होती.

आत कात्री चालूच होती.

मग मी मूळ फोटो पाठवला. न कापलेला, रचनासकट. बुद्धप्रियच्या हिशेबानं तोच आडवा यायला हवा होता.

तो पहिल्याच फटक्यात सरळ आला.

आणि कात्री थांबली.

दुसऱ्या दिवशी रचना बॅनरसमोर बराच वेळ उभी होती.

"बघ की आक्का," ती म्हणाली. "आई तुझ्याकडंच बघत्या. मला ठावं हुतं. कवाबी आलं की तिचं आपलं पूर्णिमा दमली, पूर्णिमा जेवली न्हाय. माझी कवा चौकशी न्हाय."

मी मान वर करून पाहिलं.

आई रचनाकडे बघत होती. अगदी स्पष्ट.



कापलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. आता तो माझ्या फोनमध्येही आडवाच दिसतो. फोन वळवला, की आईसुद्धा वळते. तिला सरळ बघायचं तर आपणच आडवं व्हावं लागतं.

परवा दुपारी मी तशी आडवी झाले. कुशीवर. फोन चेहऱ्यासमोर धरून.

आई सरळ दिसली. हसरी.

किती वेळ गेला, कळलं नाही. भानावर आले तेव्हा फोन बाजूला पडला होता आणि माझं तोंड दाराकडे होतं.

रविवार होता. रचना अजून आली नव्हती.

आतल्या खोलीत...

कच्... कच्...