नऊ होड्यांची हजेरी

मृणालने कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर अक्षरं उमटली : 'नऊच्या नऊ होड्या सुखरूप!'

ती चक्रावली. 'सुखरूप आहात का?' हा निरोप पोचला, की होडीच्या तांडेलाने (प्रमुखाने) हातातलं जाळं सोडून बटण दाबायचं, मग उत्तर यायचं. एका होडीला चार मिनिटं तरी हवीत. एकाही होडीचं उत्तर आलेलं नसताना तिने लिहिलेला प्रोग्रॅम 'सुखरूप' म्हणतो कसा?

सन २०४६ होतं. हर्णै बंदराला दुपारीच वादळाचा इशारा मिळाला होता, नऊ होड्या अजून समुद्रात होत्या आणि त्यांतल्या एकीवर तिचे बाबा होते.

शेजारी बसलेली चौऱ्याऐंशी वर्षांची द्वारकाआजी चष्मा सावरत म्हणाली, "अगो, वाचून दाखव तरी काय लिहिलंयस ते."

"होड्यांची अ‍ॅरे आहे (ओळीने मांडलेली यादी). लूप (यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करणारी फेरी) एकेका होडीला निरोप पाठवतो. यादी संपली की 'सुखरूप' लिहितो."

आजी हसली. "म्हणजे निरोप गेला, की तुझं काम झालं! मीही हेच केलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजात माझा पहिला आठवडा. ट्रंक कॉल (दूरगावचा फोन) नोंदवून घेतले आणि मोठ्या बाईंना सांगितलं, सगळे झाले. एक बाई मुंबईच्या फोनसाठी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होती. नोंदवला म्हणजे लागला नव्हे, हे त्या दिवशी कळलं. तिचा चेहरा अजून दिसतो."

"मग एकीचं उत्तर आल्यावरच दुसरीला विचारू?"

"नवांना किती वेळ लागेल?"

"छत्तीस मिनिटं," मृणालचा आवाज बारीक झाला.

"आम्ही हात बांधून बसत नव्हतो. सगळे नंबर मागवायचे, प्रत्येकाची चिठ्ठी फळीवर टोचायची. जो लागेल त्याची काढायची. काय गजबज असायची गो! फळी मोकळी झाली, तरच 'झाले' म्हणायचं."

"आणि लागलाच नाही तर?"

"ठरल्या वेळानंतर चिठ्ठीवर 'उत्तर नाही' लिहून ती काढायची."

मृणालने भराभर बदल केला. हे असिंक्रोनस काम होतं (उत्तर येईपर्यंत बाकीची कामं न अडवणारं). प्रत्येक निरोपाबरोबर एक चिठ्ठी दुसऱ्या यादीत जमा होणार होती. त्या सगळ्या निकालात निघाल्याशिवाय शेवटची ओळ चालणार नव्हती.

पाच मिनिटांत आठ उत्तरं आली. तिने ठरवलेली दहा मिनिटांची मुदत संपली आणि पडद्यावर आलं : 'आठ सुखरूप. सातव्या होडीचं उत्तर नाही.'

सातवी बाबांची होती.

तिने लगेच बचाव बोटीला कळवलं. दोन तासांनी बोट ती होडी ओढत धक्क्याला आली. इंजिन बंद, उत्तर पाठवायच्या यंत्रात पाणी. बाबा ओलेचिंब, पण हसत उतरले. पहिलं 'सुखरूप' खरं मानलं असतं तर कोणी गेलंच नसतं.

"आई, तुझ्या नातीने शोधलं मला," ते म्हणाले.

आजीने पदराने त्यांचं डोकं पुसलं. मृणाल मात्र पुन्हा पडद्यासमोर बसली होती. सगळ्या किनाऱ्यावरच्या होड्या यादीत घ्यायच्या होत्या.