गोदूकाकूची बाव

“पण काका, मीठ कुठं गेलं?”

आरोहीच्या प्रश्नानं गर्दीत खसखस पिकली. विश्वंभर आपल्या चकचकीत यंत्राला टेकून उभा होता. वरच्या तोंडात खाडीचं पाणी ओतायचं, दिवे लुकलुकायचे आणि खालच्या नळातून गोडं पाणी! त्यानं भाड्यानं घेतलेल्या वाडीत ही करामत बघायला रेवसजवळचं ते अख्खं गाव लोटलं होतं.

“मीठ? यंत्र खातं!” विश्वंभर म्हणाला. “फार प्रश्न पडतात या पोरीला. खाडीत बुडवून काढा जरा!”

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्यानं हसले ते आरोहीचे मामा, गावचे सरपंच चांगदेव. सुट्टीला आलेल्या आरोहीचे कान लाल झाले. पण ती उरणची! मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मीठ कुठंतरी उरायलाच हवं!

मामांनी हात वर केला. “ठरलं! यंत्र घ्यायचं आणि गोदूच्या वाडीत बसवायचं. तिची बाव उद्या बुजवून टाकू. तशीही नासलीय.”

कुंपणापलीकडे आपल्या वाडीत उभी असलेली गोदूकाकू पुढे झाली. “चांगदेवा, नको रे! माजी बाव गोड व्हती. याच उन्हाळ्यात काय झालं, मला न्हाय ठावं.”

“तुझी पापं झिरपली असतील बावीत!” एक बाई फिसकारली.

एकट्या बाईची विहीर खारट झाली, म्हणजे दोष तिचाच! गावानं तिला सार्वजनिक नळावरही उभं राहू दिलं नव्हतं. तिच्या सुपारीची रोपं उभ्या उभ्या करपली होती.

दुपारी विश्वंभर मामांकडे पापलेटवर ताव मारत होता, तेव्हा आरोही आणि मामांचा हर्षद सरपटत यंत्रामागे पोचले.

“इथं चिखल कसा?” हर्षदनं बोट बुडवून चाटलं. “शी! खारं!”

“म्हणजे ओतलेलं पाणी मागनं सरळ जमिनीत जातंय! मग गोडं येतं कुठनं?”

दुसरी नळी झावळ्यांच्या ढिगाखाली गेली होती. झावळ्या हटवल्या, तर जमिनीत पुरलेली मोठी काळी टाकी! शेजारी मोटर. आणि मोटरीचा पाइप कुंपणाखालून थेट गोदूकाकूच्या बावीत!

“तरीच उन्हाळाभर त्याचे टँकर मांडव्याच्या बंगल्यांकडे जात होते! म्हणे यंत्राचं पाणी!” हर्षद म्हणाला.

आरोहीनं वाकून टाकीत डोकावलं. “समुद्राकाठी जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. असं उपसत राहिलं की खालचं खारं वर चढतं. बाव यानंच नासवली! टाकीच्या तळाशी आधी साठवलेलं गोडं तेवढं उरलंय.”

“बाबांना सांगू या!”

“सकाळी ऐकलं का त्यांनी? त्यांना दाखवायलाच हवं. मामीची कोकम आगळाची बरणी कुठंय?”

संध्याकाळी पुन्हा गर्दी जमली. मामांनी स्वतः खाडीचं पाणी ओतलं. दिवे लुकलुकले. आणि नळातून धो धो आलं ते लालभडक पाणी!

“रक्त!” कुणीतरी किंचाळलं.

“कोकम!” आरोही ओरडली. “आम्ही टाकीत ओतलं! या, टाकी दाखवते!”

विश्वंभरनं तिची वेणी धरून तिला मागे खेचलं आणि फाडकन मुस्काटात मारली. तिचा ओठ फुटला. पण तोवर हर्षदनं झावळ्या भिरकावल्या होत्या.

पाइप पाहताच गाव पिसाळलं. सकाळपर्यंत गोदूकाकूला दोष देणारी माणसंच आता विश्वंभरवर तुटून पडली. चिखलात लोळवून मारला त्याला. पोलीस आले म्हणून वाचला. आरोहीला ते बघवेना.

मग शाबासकी! “आमची पोरं म्हणजे हिरे!” मामांनी तिची पाठ थोपटली. टाळ्या पडल्या.

“मामा, गोदूकाकूची माफी कोण मागणार?”

टाळ्या थांबल्या. मामा घुटमळत कुंपणापाशी गेले. “गोदूवहिनी, चुकलं आमचं.”

“माफीनं बाव गोड व्हईल काय रे?”

त्यासाठी किती पावसाळे जावे लागतील, कोण सांगणार? मामांनी गोदूकाकूच्या पडवीतला रिकामा हंडा उचलला, खांद्यावर घेतला आणि खाली मान घालून ते नळाकडे चालू लागले.

“दोन खेपा कर!” गोदूकाकू मागून कडाडली. “उरल्या झाडांना पण लागंल!”