देवरावचा फोटो

नेरला माझ्या घरी एक साधा प्रिंटर आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रश्नपत्रिका घरीच छापते, आणि गल्लीतल्यांची आधार कार्डंही. कुणाला नाही म्हणायला मला जमत नाही. बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला दुसऱ्याच्या हाती द्यायला तर मुळीच जमत नाही.

त्या दुपारी शेजारची कोकिळा आली. तिचा नवरा देवराव बारा वर्षांपूर्वी राजूरला कोळशाच्या कामावर म्हणून गेला, तो परत आलाच नाही. इतकी वर्षं माणूस सापडला नाही की तिच्या घरी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. उद्या तो विधी होता. तिची सासू रुखमाबाई सकाळपासून अंगणात पानं बांधत बसली होती. पुतळ्यापुढे ठेवायला फोटो हवा होता. पुतळा जळला की रुखमाबाई कोकिळाच्या बांगड्या फोडणार होती.

"तुले पटते का हे?" मी विचारलं.

"मले कोण विचारते, ताई? मले तर अजूनई वाटते, येतीन ते."

मला तिच्या घरच्यांचा राग आला. पण फोटो छापून द्यायचं मी आधीच कबूल केलं होतं.

प्रिंटरनं कागद घेतला नाही. रोलर घरघरला, कागदाची कड बोटभर सरकली आणि परत मागे आली. लाल दिवा लागला. उन्हाळ्यात रोलरवर धूळ बसते आणि तो कागदावरून घसरतो, त्यात नवल काही नाही. मी गठ्ठा काढून फडफडवला, कडा जुळवल्या, बाजूच्या पट्ट्या सैल केल्या. मागचं झाकण उघडून टॉर्च मारला. पिन नाही, कागदाचा कपटा नाही. ओल्या फडक्यानं रोलर पुसला तर फडकं काळं झालं. तो वाळल्यावर चाचणीचं पान पाठवलं. सर्रकन बाहेर आलं.

देवरावचा फोटो पाठवला. कड बोटभर सरकली आणि मागे आली.

मग मी वीजबिल छापलं. निघालं. भाची प्रेरणाचा फोटो छापला, तोही निघाला. देवरावची फाइल जड असेल म्हणून लहान केली, तिचं नाव बदललं. हसाल, पण फोटो उलटा करूनही पाहिला. कागद जागचा हलेना.

कोकिळा एवढा वेळ एकटीच दारात उभी होती, चौकटीला टेकून. तिचा चेहरा उजळत चालला होता. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं.

"ताई, राहू द्या ना आता. ते नाही म्हणून राह्यले."

"यंत्राले काय समजते, कोकिळा? रोलर झिजला असन."

"मंग बाकीचे कागद कसे घेते?"

तो प्रश्न मला सहन होईना.

मी एकच कागद लावला, फोटो पाठवला, आणि रोलर फिरू लागताच कागद हातानं आत रेटला.

कागद दुमडायला हवा होता. दुमडला नाही. पलीकडून कुणी धरल्यासारखा ताठ राहिला.

मी दोन्ही हातांनी जोर लावला. पलीकडचा जोर वाढला. कागद थरथरू लागला. मला भीती वाटली, तरी मी सोडला नाही.

मग पलीकडचा जोर कमी होत गेला, आणि एकदम सुटला.

फोटो स्वच्छ आला.

मी तो टेबलावर ठेवला. दुखरी बोटं मुठीत लपवली.

"आत्ता सोडला त्यायनं हात," कोकिळा म्हणाली.

तिचा चेहरा विझला होता. ती रडली नाही. आत आली, खुर्चीवर बसली आणि एकेक करून बांगड्या काढायला लागली.

"बुढीच्या हातानं नको फोडाले," ती म्हणाली. "मीच काढतो."

शेवटची बांगडी निघाली तेव्हा मी तिचं मनगट पाहिलं. त्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता, पुरुषाच्या पंजाएवढा. खुणा पांढऱ्याफटक होत्या, आणि मी पाहत असतानाच त्यांत हळूहळू रक्त परत भरत गेलं.